पब्लिश होत नाहीये? ट्रिगर सोडून सगळं तपासा

रेकॉर्ड सेव्ह होतंय पण पब्लिश दाबलं की एरर, असं होतंय ना, मग आधी ब्राउझरचा कॅशे उडवा, मग सर्व्हर रीस्टार्ट मारा, मग नोकरी सोडून गेलेल्या डेव्हलपरच्या नावाने खडे फोडा. डेटाबेसच्या टेबलावर कोणी हौसेने कस्टम ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) लावून ठेवलाय का हे मात्र बघायचं नाही हं, कारण एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस ट्रिगर्सवर (sys.triggers, म्हणजे ट्रिगर्सची यादी) एक साधी क्वेरी मारली की यादी समोर येते आणि मग उरलेला दिवस काय करणार?

एरर मेसेज तर वाचूच नका. एसक्यूएल सर्व्हर बिचारा ३६०९ नंबर देऊन सांगतो की ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारे बदल) ट्रिगरमध्येच संपलं, ओरॅकल तर ०४०८८ सोबत ट्रिगरचं नावही छापतो. इतकं सरळ बोलणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतं! नेटवर्कवाल्यांना तिकीट टाका.

नवीन ट्रिगर लिहिताय? वा. इन्सर्टेडमधला (ट्रिगरला नव्या-बदललेल्या रो जिथे मिळतात ते तात्पुरतं टेबल) आयडी एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि खुशाल पुढे चला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर स्टेटमेंटमागे एकदाच चालतो, रोमागे नाही, म्हणजे एकदम पन्नास पब्लिश केले की स्टेटस एकाचंच बदलणार, पण टेस्टिंगला सगळे एकेकच करतात त्यामुळे काळजी नको.

त्याच ट्रिगरमधून ऑडिट टेबलात (बदलांची नोंद ठेवणारं टेबल) इन्सर्ट टाका आणि ॲप्लिकेशनमध्ये स्कोप आयडेंटिटी (फक्त आपल्याच इन्सर्टचा नवा आयडी देणारी) सोडून जुनी डबल ॲटवाली आयडेंटिटीच (@@IDENTITY, ट्रिगरने केलेल्या इन्सर्टचाही आयडी उचलणारी) ठेवा. रेकॉर्ड २१२ नंबरचं, हातात येतो ऑडिटचा ९०४१७, ॲप्लिकेशन इमानेइतबारे तोच पब्लिश करायला जातं, मग नशीब बरं असेल तर 'रेकॉर्ड सापडलं नाही', आणि नसेल तर दुसऱ्याच कुणाचा तरी अर्धवट ड्राफ्ट लाइव्ह.

ट्रिगरमध्ये सेट नोकाउंट ऑन (किती रो बदलल्या हा मेसेज बंद करणारी ओळ) लिहायचे कष्ट घेऊ नका. ट्रिगरच्या रो मोजणीत मिसळल्या की काही ओआरएमना (ॲप्लिकेशनचा कोड आणि डेटाबेस जोडणाऱ्या लायब्ररी) वाटतं रेकॉर्ड मधल्या मध्ये दुसऱ्याच कोणीतरी बदललं, आणि तुम्ही त्या 'कोणीतरी'ला ऑफिसभर शोधत फिरता, तेवढाच व्यायाम. शिवाय ट्रिगरमधूनच लांबच्या दुसऱ्या सर्व्हरवर लिहा, म्हणजे तो झोपला की इथलं पब्लिश आपोआप रोलबॅक, म्हणजे रद्द.

आणि कोणी शहाणा म्हणालाच की स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) ट्रिगर डिसेबल करून एकदा पब्लिश करून बघू, तर त्याला सांगा, कशाला, थेट प्रोडक्शनवरच (खऱ्या, चालू सर्व्हरवर) कर की, आणि परत इनेबल करायचं काम शुक्रवारी संध्याकाळी बघू.