घोडा चांगला होता, मान्य. पण तो तिच्याकडे आला कसा?

नमस्कार,

रेचल ब्लॅकमोर या आयरिश जॉकीवरच्या, ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली प्रसिद्ध अडथळ्यांची शर्यत जिंकणाऱ्या पहिल्या महिलेवरच्या, माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शर्यत घोडा जिंकतो, आपल्याकडे बैलगाडा शर्यतीतही नाव बैलाचंच होतं. हनीसकल ही घोडी आणि मिनेला टाइम्स हा घोडा, अशी जनावरं हाताशी असती तर कुणीही जिंकलं असतं. ग्रँड नॅशनल जिंकल्यावर तिनं स्वतःच ‘आत्ता मला पुरुष की स्त्री असं काही वाटत नाहीये’ असं सांगितलं, तर मी लेखभर ‘पहिली महिला’ का घोळवत बसले? आणि एवढी मोठी जॉकी होती, तर आयर्लंडची चॅम्पियन जॉकी एकदाही का झाली नाही?

हनीसकलपासून सुरुवात करते, कारण माझे सगळ्यात जास्त मतभेद तिथेच आहेत. मार्च २०२० मध्ये इंग्लंडमधल्या चेल्टनमच्या मोठ्या रेस-महोत्सवात मेअर्स हर्डल, म्हणजे फक्त घोड्यांच्या माद्यांची उड्यांची शर्यत, झाली. त्या दिवशी फेव्हरिट हनीसकल नव्हती, आयर्लंडचा प्रशिक्षक विली मलिन्सच्या तबेल्यातली बेनी दे द्यू होती. शेवटच्या वळणावर पुढची घोडी कठड्यापासून जरा बाहेर सरकली आणि आतल्या बाजूला एक फट पडली. ब्लॅकमोरनं हनीसकल लगेच त्या फटीत घातली आणि वळण संपेपर्यंत आघाडी घेतली. बेनी दे द्यूला ते अंतर शेवटपर्यंत भरून काढता आलं नाही. निकाल लागला अर्ध्या लांबीनं, म्हणजे अर्ध्या घोड्याएवढ्या अंतरानं. ती फट ब्लॅकमोरला दिसली नसती, किंवा दिसूनही तिनं दोन ढांगा विचारात घालवल्या असत्या, तर आज आपण हनीसकलच्या सलग विजयांबद्दल बोललोच नसतो. ‘कुणीही’ म्हणताना ही शर्यत एकदा बघा, एवढीच विनंती.

महालक्ष्मीला किंवा पुण्याला आपण पाहतो त्या सपाट शर्यती, दोन-अडीच मिनिटांत आटपणाऱ्या. ग्रँड नॅशनल सव्वाचार मैलांहून लांब, वाटेत तीस अडथळे, आणि धावायला नऊ मिनिटांच्या वर. अडथळा जवळ येताना घोड्याची ढांग ओळखून, इथूनच उडी घेऊ द्यायची की आणखी एक आखूड पाऊल टाकू द्यायचं, हे जॉकीला ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या वेगात ठरवावं लागतं. तेही तीस वेळा, चारी बाजूंनी घोडे पडत असताना. १० एप्रिल २०२१ ला मिनेला टाइम्स ११ ला १ च्या भावात (एका रुपयाला अकरा) होता, फेव्हरिट नव्हता. तो साडेसहा लांबींनी जिंकला. करोनामुळे स्टँड रिकामे होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता खरा प्रश्न, घोडे मिळण्याचा. टिपररी परगण्यातल्या किलेनॉलची ही मुलगी, वडिलांची दुभत्या जनावरांची शेती. लिमरिक विद्यापीठातून तिनं अश्वविज्ञानाची पदवी घेतली. हौशी रायडर म्हणून पहिला विजय २०११ मध्ये थर्ल्सला. पुढची चार वर्षं विजय तुरळक. २०१५ मध्ये, पंचविशीत, ती व्यावसायिक झाली. या वयात बहुतेक जॉकींचा जम बसलेला असतो. त्याआधी कित्येक वर्षं आयर्लंडमध्ये उड्यांच्या शर्यतींत एकही बाई व्यावसायिक झाली नव्हती. तिच्या वाट्याला कसे घोडे येत असतील याचा अंदाज करा. मोठ्या जॉकींनी नाकारलेले, छोट्या तबेल्यांतले, पावसाळी दुपारी क्लॉनमेलसारख्या ठिकाणी धावणारे. अशा घोड्यांवर बसून ती २०१७ मध्ये आयर्लंडची चॅम्पियन कंडिशनल, म्हणजे उमेदवार जॉकींतली अव्वल, ठरली. प्रशिक्षक हेन्री द ब्रॉमहेडच्या तबेल्याची दारं उघडली ती त्यानंतर, २०१८ मध्ये. आणि तिथेही सगळं तयार वाढून ठेवलेलं नव्हतं. तिचा पहिला ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतीतला, विजय, २०१९ मध्ये चेल्टनमला मिनेला इंडोवर, ५० ला १ च्या भावात आला.

२०२१ च्या चेल्टनमच्या गोल्ड कपला तिला याच मिनेला इंडो आणि ए प्लस टार्ड यांतून निवडायची संधी होती. तिनं ए प्लस टार्ड निवडला आणि मिनेला इंडो तिच्या पुढे जाऊन जिंकला. पुढच्या वर्षी ती त्याच ए प्लस टार्डवर परत आली. उताराला घोड्यांच्या घोळक्यात अडकली, घाई न करता वाट पाहिली, जागा मिळाल्यावर घोडा मोकळा सोडला. १५ लांबींनी विजय. दोन्ही वर्षी तबेला तोच, घोडे तेच.

‘पहिली महिला’बद्दल. रेस संपताक्षणी घोड्यावर बसून ती म्हणाली, ‘माणूस असल्यासारखंही वाटत नाहीये’, आणि तिला तसं म्हणता आलं याचा मला फार आनंद आहे. १९७७ मध्ये शार्लट ब्रू ग्रँड नॅशनलमध्ये उतरणारी पहिली बाई ठरली, तेव्हा तिला असं बोलायची सोय नव्हती. ब्रिटनमध्ये बायकांना उड्यांच्या शर्यतींत पुरुषांबरोबर उतरायची परवानगीच १९७६ मध्ये मिळाली होती. ब्रूचा बॅरनी फोर्ट सत्ताविसाव्या अडथळ्याला अडून बसला. १९८२ मध्ये जेराल्डीन रीसनं चिअर्सवर शर्यत पुरी केली, आठवी आणि शेवटची. तिथून विजयापर्यंत ३९ वर्षं गेली. मी ‘पहिली’ लिहिते ती या ३९ वर्षांसाठी, आणि पुढेही लिहीन.

बाई म्हणून तिला काही सवलत मिळाली असेल असं वाटणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: फ्रान्समध्ये २०१७ मध्ये महिला जॉकींना वजनात सूट (म्हणजे घोड्याला कमी वजन वाहायला लागणं) मिळाली. ब्रिटन-आयर्लंडमध्ये नाही. हनीसकलला चॅम्पियन हर्डलमध्ये ७ पौंड सूट होती, ती घोडी म्हणून, पाठीवर बाई बसली म्हणून नव्हे.

राहता राहिला चॅम्पियन जॉकीचा किताब. तो तिच्या नावावर नाही, हे अगदी खरं. पण तो ठरतो वर्षभरातल्या विजयांच्या आकड्यावर, आणि तिचा प्रतिस्पर्धी जॉकी पॉल टाउनेंडच्या मागे मलिन्सचा तबेला होता, आयर्लंडमधला सर्वांत बलाढ्य. तरी ती दोन मोसमांत त्याच्या पाठोपाठ दुसरी आली. जुलै २०२१ मध्ये किलार्नीला पडून तिचा घोटा आणि खुबा मोडला. सप्टेंबर २०२४ मध्ये डाउनपॅट्रिकला मान दुखावली, ती डिसेंबरमध्ये परतली. मार्च २०२५ मध्ये बॉब ऑलिंजरवर स्टेअर्स हर्डल जिंकली आणि चेल्टनमच्या चारही मोठ्या शर्यती तिच्या नावावर झाल्या: चॅम्पियन हर्डल, चॅम्पियन चेस, स्टेअर्स हर्डल, गोल्ड कप. मे महिन्यात तिनं निवृत्ती जाहीर केली. हे सगळं एका घोड्याच्या पुण्याईनं झालं असं तुम्हाला अजूनही वाटत असेल, तर चार शर्यतींचे चार वेगळे घोडे होते, हे तेवढं लक्षात घ्या.