खुलासा : ‘चाचणीत ससा आंधळा झाला नाही, म्हणजे तणनाशक निर्धोक’?

असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, कारण आंधळेपणा हा चाचणीचा निकषच नाही. १९४४ पासूनच्या ड्रेझ चाचणीत सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलिलिटर द्रव घालून लाली, सूज, पारपटलाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) गढूळपणा तपासतात; गरज पडल्यास २१ दिवस. (आता बऱ्याचदा आधी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी वापरतात, हे बरंच झालं.)

शिवाय चाचणी नेमकी कशाची? ग्लायफोसेट या तणनाशकाचं आम्ल डोळ्यांना गंभीर इजा करतं, त्याचे क्षार तुलनेने सौम्य. पण बाटलीत पानावर द्रव पसरवणारं सर्फॅक्टंटही असतं, आणि पुष्कळदा झोंबतं ते तेच. त्यामुळे शुद्ध रसायनाचा निकाल बाटलीला चिकटवू नका. डोळ्यात उडालंच तर १५ ते २० मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा, मग लेबल घेऊन डॉक्टर गाठा.