‘फॉरमॅट मारला की झालं’ म्हणे!

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘जुना लॅपटॉप थेट मालकाकडून घ्या, स्वस्त पडतो. आय-सेव्हनचा स्टिकर बघा, चालू होतो ना एवढं बघा. बिल नसलं तरी चालतं. कंपनीचा असला तर फॉरमॅट मारा. चांगला पीस जाऊ नये म्हणून टोकन आधीच पाठवा.’ इंजिनिअरिंगला निघालेली आमची भाची हे वाचून टोकन पाठवायच्या बेतात होती, म्हणून लिहायला बसलो.

थेट मालकाकडून स्वस्त पडतो, कबूल. यात खरं तेवढंच.

सगळ्यात घातक सल्ला फॉरमॅटचा. पुण्यात नोकरी आणि घर सांगलीला असलेली मंडळी पुष्कळ. नोकरी सुटते, लॅपटॉप परत जात नाही आणि मग तो विकायला निघतो. अनेक कंपन्या मशीनची हार्डवेअर ओळख मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमध्ये, म्हणजे कंपन्यांचे लॅपटॉप दुरून सेट करायच्या सेवेत, नोंदवतात. ही नोंद डिस्कवर नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. फॉरमॅट मारा नाहीतर नवी एसएसडी टाका, सेटअपमध्ये वायफाय जोडलं की कंपनीचं नाव येतं आणि कंपनीचाच लॉगिन मागतो. मशीन कंपनीबाहेर कायमचं जाणार असेल तर ही नोंदणी काढायला हवी, असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय, आणि ती काढून मागायची कंपनीकडेच. नेट न जोडता सेटअप उरकला असेल तर सगळं सुरळीत दिसतं. तुम्ही पुढे कधी रीसेट केलात की अडकलात. बायॉसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, पासवर्डही मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. बिझनेस मॉडेलमध्ये मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून ठेवला तरी तो सहसा जात नाही.

म्हणून विकणाऱ्याच्या घरी जा, एसटी स्टँडवर उभ्याउभ्या सौदा नको. आधी बॅटरी-डिस्क तपासा, मग त्याच्यासमोर सगळं पुसून विंडोज रीसेट करा. तासभर लागेल, लागू द्या. आपला हॉटस्पॉट जोडा. कंपनीचं नाव दिसलं की उठायचं. लॅपटॉप सुरू होताना बटण दाबून बायॉस उघडून बघा: डेलला एफ२, थिंकपॅडला एफ१, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला आणि मालकाला तो काढता आला नाही, तर सौदा मोडा.

‘बिल नसलं तरी चालतं’? मालविक्री कायदा १९३०, कलम २७: विकणाऱ्याची मालकी नसेल तर ती घेणाऱ्यालाही मिळत नाही, काही अपवाद सोडून. चोरीचा असावा असं मानायला कारण असूनही अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद. बिल खरंच हरवलं असेल तर सिरीयल नंबर घालून सहीची पावती आणि ओळखपत्राची प्रत घ्या. तो नंबर बायॉसमधल्या नंबराशी जुळवा.

स्टिकर काय, कुणीही चिकटवतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा. आय७ म्हणजे आय५ पेक्षा भारीच असं नाही: २०१३ चा आय७-४६००यू २ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग), २०१७ चा आय५-८२५०यू ४ कोअरचा. पहिल्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

चालू तर चार्जर लावून मेलेली बॅटरीही होते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ ही कमांड देऊन बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता ५०,००० mWh आणि आताची २५,००० दिसली तर बॅटरीचे पैसे भावातून कापा. डिस्क तपासणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर डिस्कला ‘कॉशन’ (सावधान) दाखवत असेल तर डिस्कचेही.

टोकन मशीन न बघता एक रुपयाही पाठवू नका. उलट विकणारा ‘पैसे परत मिळवायला पिन टाका’ म्हणाला तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.