नाशकात फायनान्स फक्त नोटांच्या प्रेसमध्ये असतं?

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज नव्या दमाने फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: कॉलेजात फायनान्स शिकणं म्हणजे तीन वर्षं पाण्यात, त्यापेक्षा तीन महिन्यांचा शेअर मार्केटचा क्लास लावा. खऱ्या नोकऱ्या मुंबईत, नाशकात फक्त नोटा छापतात. सीए झालात तर ठीक, नाहीतर जन्मभर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्ट्र्या. आणि त्या एन्ट्र्याही आता एआय करणार.

नोटांचा विनोद चांगला आहे, मीही हसलो. पण नाशिकच्या सातपूरला कर्जाची प्रकरणं तयार करणाऱ्या ऑफिसात माझा दिवस जातो, आणि बाकीचं वाचून राहवलं नाही.

आधी क्लासचं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स या पुढच्या भावावरच्या सौद्यांमध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. २०२४-२५ मध्येही हे प्रमाण ९१ टक्के होतं. यातले किती जण क्लास लावून आले होते माहीत नाही, क्लासवाल्याची फी मात्र नक्की जमा झाली असणार. ब्रोकरकडे किंवा म्युच्युअल फंडाच्या वितरणात रीतसर काम करायचं तर सेबीनेच स्थापलेल्या एनआयएसएम या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. त्यांची पुस्तकं वाचून घरी अभ्यास करता येतो, पदवी करता करताच.

आता मुंबईचं. इन्व्हेस्टमेंट बँकिंग आणि फंड हाऊस मुंबईतच आहेत, हे मान्य. पण ‘नाशकात फायनान्स नाही’ म्हणणाऱ्याने द्राक्षपट्ट्यातल्या एखाद्या कृषी सेवा केंद्राचा हिशोब उघडून बघावा. ऑक्टोबर छाटणी झाली की बागाईतदार औषधं-खतं उधारीवर उचलतो. पैसे येतात माल निघाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. मधले चार-पाच महिने दुकानदार बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे माल आणि येणं यांच्या तारणावर लागेल तसं उचलायच्या कर्जावर, तग धरतो. समजा त्याची लिमिट ५० लाखांची आहे. जानेवारीअखेर दुकानात माल ४० लाखांचा, त्यातले १५ लाख कंपन्यांना द्यायचे. उरले २५ लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे दुकानदाराने स्वतः घालायचा हिस्सा, गेलं की १८.७५ लाख. शेतकऱ्यांकडून येणं ६० लाख, पण त्यातले ३५ लाख ९० दिवसांच्या वरचे. अशी जुनी उधारी बँका सहसा धरत नाहीत. राहिले २५ लाख, ४० टक्के मार्जिन वजा जाता १५ लाख. दोन्ही मिळून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, आली ३३.७५ लाख. म्हणजे कागदावर ५० लाखांची लिमिट, आणि ऐन गरजेच्या महिन्यात हातात त्यातले सोळा लाख कमी.

दुकानदार म्हणतो बँक त्रास देते. बँक म्हणते पार्टी ढिली आहे. दोघांचंही चुकलेलं नाही. उधारी बुडालेली नसून तिचं चक्रच पिकाचं आहे, हे तीन वर्षांच्या आकड्यांवरून मांडून हंगामापुरती वाढीव लिमिट किंवा उधारीचा कालावधी वाढवून मागायचा असतो. हे मांडणारा माणूस बँकेच्या क्रेडिट विभागात लागतो, सल्लागाराकडे लागतो, आणि औषध कंपनीच्या ऑफिसातही लागतो, कारण या दुकानदाराला अजून किती माल उधार द्यायचा ते तिथे ठरतं. कांद्याचं तर याहून अवघड. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. व्यापाऱ्याला कर्ज देताना ही शक्यता कोण धरणार? दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत २०२२ साली युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. एवढी रक्कम नुसत्या द्राक्षांच्या गोडीवर येत नाही, कुणीतरी ताळेबंद तयार केलेला असतो.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतही तेच. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच चुकतं करायचं, हे आधीपासूनच होतं; उशीर झाला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजावटीला धरायचा, असा आयकराचा नियम २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आला. तेव्हापासून कुठला व्हेंडर उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंदलेला, आणि कुणाचं बिल मार्चच्या आत काढायचं, हे बघणं अकाउंट्स विभागाच्या गळ्यात आहे.

सीए नाही तर काहीच नाही? सीएचा मान मोठाच, २०२३ पासून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी, हीही तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. पण सीएची मधली परीक्षा (इंटर) होऊन फायनल राहिलेली कितीतरी मुलं इथल्या कारखान्यांत नीट पगारावर आहेत. कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी या वाटा वेगळ्याच. सरकारी बँकांच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेला मात्र कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, तिथे बी.कॉम.ला झुकतं माप नाही, हेही सांगायला हवं.

एआयचं म्हणणं अर्धं खरं आहे. बँक स्टेटमेंट आता सरळ टॅलीत येतं, नुसत्या एन्ट्र्या मारणाऱ्याचे दिवस भरले. पण खरेदीचं बिल वहीत आहे आणि जीएसटीच्या २बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात दाखवलेल्या बिलांच्या यादीत, नाही, आणि म्हणून त्यावरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, हे सॉफ्टवेअर फक्त दाखवतं. पुढे पुरवठादाराला फोन लावून, ‘शेठ, तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये आमचं बिल आलेलं नाही, क्रेडिट अडकलंय,’ असं सांगणं आणि तो टोलवत असेल तर त्याचं पेमेंट थांबवायचं का हे मालकाशी बोलणं, हे माणसाकडेच आहे.

मेसेजमध्ये नसलेली खरी तक्रार वेगळीच आहे. कॉलेजात करंट रेशोचं सूत्र पाठ होतं, पण बँकेचं कर्जमंजुरीचं सँक्शन लेटर किंवा बँकेला द्यायचं मालाचं स्टॉक स्टेटमेंट मुलांच्या नजरेला पडत नाही. म्हणून नुसत्या पदवीवर पहिला पगार तुटपुंजा असतो. त्यावर उपाय तीन महिन्यांच्या क्लासचा नाही. टॅक्स ऑडिटची, म्हणजे आयकरासाठी धंद्याचे हिशोब सीएकडून तपासून घेण्याची, मुदत साधारण ३० सप्टेंबरची असते आणि त्याआधी सीएंच्या ऑफिसांत हात कमी पडतात. दुसऱ्या वर्षाला असताना जुलैअखेरीस कॉलेज रोड-गंगापूर रोड भागातल्या ऑफिसांत जाऊन विचारावं. पैसे फार मिळणार नाहीत, पण व्हाउचर तपासायला नक्की बसवतील.