‘रिकामटेकड्यांचा खेळ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एकमितीय रेणूंवरच्या, म्हणजे सगळे कण एकाच सरळ रेषेवर असलेल्या कल्पित जगातल्या रेणूंवरच्या, माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : ‘हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे. लाउडनचा लेख १९५७चा नाही. आणि एका मितीत हायड्रोजनची तळपातळी अनंत खोल जाते, हे तुम्ही लपवलंत.’

लाउडनच्या एकमितीय हायड्रोजनवरच्या लेखाचं साल १९५९च. चूक माझी, दुरुस्त केली, आभार.

पण ‘रिकामटेकडे’ हा शब्द फार लागला. एम.एस्सी.ला असताना मी वर्गात विचारलं होतं, अणूंमधल्या रासायनिक बंधाला इलेक्ट्रॉनची जोडीच का लागते? ‘परीक्षेला येत नाही, खाली बसा,’ असं उत्तर मिळालं. पुढे बावीस वर्षं बारावीची मुलं मला तेच विचारत आली, आणि मी एकालाही खाली बसवलेलं नाही. मला पटणारं उत्तर सापडलं ते याच एका रेषेच्या जगात.

त्या रेषेवर केंद्रकाला वळसा घालायला जागाच नाही. इलेक्ट्रॉन कुठे सापडेल हे ज्यावरून कळतं ते वेव्हफंक्शन केंद्रकापाशी शून्य होतं, म्हणून डावीकडचा इलेक्ट्रॉन डावीकडेच राहतो. दोन इलेक्ट्रॉनही एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, त्यामुळे त्यांचे स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण, दोनच दिशांचा) सारखे असोत की उलटे, ऊर्जा तीच. मग जोडी जमवून मिळणार काय? दोन केंद्रकांच्या मध्ये अडकलेला एकटा इलेक्ट्रॉनच दोघांना धरून ठेवतो. आपल्या तीन मितींतही एका इलेक्ट्रॉनचा हायड्रोजन रेणू-आयन आहेच. तो तोडायला २.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, जोडीवाला रेणू तोडायला ४.४८. म्हणजे बांधायला एकही पुरतो. पुस्तकातल्या ठिपक्यांच्या जोड्या बघून हे कुणाला कळलंय? लूस, बॉल आणि गिल या संशोधकांनी २०१५मध्ये अशा एकमितीय अणूंची आवर्तसारणी मांडली, त्यात दोनच गट निघाले : अल्कली धातू आणि राजवायू. तेही रिकामटेकडेच का?

अनंत खोल तळपातळीचं, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेचं म्हणाल, तर केंद्रकापाशी वेव्हफंक्शन शून्य असण्याची अट घातली की ती उरत नाही. सर्वांत खालची पातळी उणे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, रोजच्या हायड्रोजनइतकीच. ‘लपवलं’ म्हणण्याआधी माझ्या लेखाचा तिसरा परिच्छेद वाचायचे कष्ट तरी घ्यायचे होते.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने या एकमितीय हायड्रोजनच्या वेव्हफंक्शनचा आलेख ग्राफपेपरवर काढला, केंद्रक मधोमध शून्यावर. रेघ शून्यातून निघाली, ०.५३ अँगस्ट्रॉमपाशी सर्वांत उंच झाली आणि मग हळूहळू उतरली. डावीकडेही तिने तसाच डोंगर काढला होता. थोडा वेळ ती बघत बसली, मग खोडरबर घेऊन तो पुसला. ‘सर, इलेक्ट्रॉन एकच आहे, तर तो एकाच बाजूला असेल ना?’

तिला हा शब्द तोंडावर ऐकवाल का तुम्ही?