सम्राट झालात? मग आधी टांकसाळ गाठा

हे बघा, हारतुरे नंतर. रोमची गादी मिळाली ना, मग आधी टांकसाळीत जाऊन स्वतःच्या तोंडाचे चांदीचे डेनारियस पाडून घ्या, कारण सैन्याचा पगार थकलाय आणि सीमेवरच्या पोरांनी तुम्हाला कधी बघितलेलंच नसतं, त्यांच्यासाठी तुम्ही म्हणजे नाण्यावरचं ते मुंडकं.

फोटोचं म्हणाल तर ऑगस्टसला गुरू करा. माणूस पंचाहत्तरीत गेला, इ.स. १४ मध्ये, पण नाण्यावर शेवटपर्यंत गालाला सुरकुती नाही (कॉलेजमधला डीपी अजून न बदलणारे काका, मूळपुरुष सापडला तुमचा). बापही दणदणीत हवा. नसेल तर सेप्टिमियस सेव्हेरसने केलं तसं करा, मार्कस ऑरेलियस मरून पंधरा वर्षं झाल्यावर यांनी त्याला बाप जाहीर केलं आणि नाण्यावर छापूनही टाकलं. मेलेला माणूस काय नाही म्हणणार!

मजकुराचा नियम सोपा आहे, घरात जे नाही ते नाण्यावर लिहायचं. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये लिहिलं "कायमचा हुकूमशहा", मार्चमध्ये भोसकला. इ.स. ६९ साली ओथो आला, केसांचा टोप घालायचा म्हणे, नाण्यावर बघा, त्या लाटा कशा एकसारख्या रांगेत बसवल्यात, आणि मागे काय तर "रोमन जनतेची सुरक्षितता". तीन महिन्यांत खेळ खलास. १९३ मध्ये अंगरक्षकांनी गादीचा चक्क लिलाव काढला, डिडियस ज्युलियानसने बोली जिंकली आणि छापलं "सैनिकांची एकजूट". ६६ दिवस!

आता खर्च. चांदी परवडत नाही? अहो, कोणाला परवडली? नीरोने ६४ च्या सुमारास वजनही उतरवलं आणि कसही, सेव्हेरसने चांदी निम्म्याच्या आसपास आणली, त्याच्या पोराने, कॅराकॅलाने, २१५ मध्ये दीड डेनारियस वजनाचं नवीन नाणं काढलं आणि बहुतेक दोनच्या भावाने खपवलं. फक्त डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट चढवला की झालं, लोक मुकुट बघतात, तराजू कोण काढतंय. (दक्षिण हिंदुस्थानात सापडलेले डेनारियस मात्र बहुतेक ऑगस्टस-टायबेरियसचे, नीरोच्या आधीचे. आपले व्यापारी असल्या मुकुटाला भुलणारे नव्हते वाटतं.)

पुढे सम्राट गॅलिएनसच्या कारकिर्दीच्या शेवटी तर पाच टक्केसुद्धा चांदी उरली नव्हती, तांब्यावर पातळ मुलामा. तुम्हीही तेच करा, चकचकीत दिसतं. फक्त जरा हाताळलं की जिथे उंचवटा असतो तिथला मुलामा आधी जातो, म्हणजे दाढी, गाल आणि सगळ्यात आधी तुमचं नाक, लालभडक.