हिशेबनिसाचा पगार कोण देणार?

आमच्या दहावीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला आठवडाभर वाद चालू आहे. आमची एक वर्गमैत्रीण बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी छोटी संस्था चालवते. आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघाले तरी मुलं गावातच राहावीत, शाळा बुडू नये, हे तिचं काम. तिने लिहिलं की आसपासच्या पाच छोट्या संस्था मिळून एक पूर्णवेळ हिशेबनीस ठेवणार आहोत, त्याच्या पगाराला हातभार लावा. लगेच उत्तरं सुरू झाली. 'आम्ही मुलांसाठी देतो, ऑफिस थाटायला नाही.' 'पगारी माणसं आली की सेवा संपली.' एकाने लिहिलं, 'शंभरातले शंभर रुपये मुलांपर्यंत पोहोचले पाहिजेत.' त्याखाली चौदा अंगठे पडले.

ते चौदा अंगठे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला एका ज्येष्ठांच्या लंच क्लबचा खजिनदार आहे. दोन पगारी माणसं, बाकी सगळे स्वयंसेवक. त्या दोघांचा पगार, पेन्शन, एचएमआरसीचं म्हणजे इथल्या करखात्याचं काम आम्ही करत नाही. छोट्या चॅरिटींना अशीच मदत करणारी एक संस्था शहरात आहे, ती ठरावीक फी घेऊन ते करते, डीबीएस म्हणजे माणसांची गुन्हेविषयक पार्श्वभूमी तपासणंसुद्धा तिच्याकडूनच होतं. मिनीबस तीन क्लबांची मिळून आहे, मंगळवार आणि शुक्रवार आमचे. अनुदानाच्या अर्जात कोअर कॉस्टचा, म्हणजे संस्था चालवायच्या खर्चाचा, रकाना असतो आणि तो भरताना कुणाला ओशाळं वाटत नाही. राखीव निधी किती ठेवलाय, का ठेवलाय, हे वार्षिक अहवालात लिहावं लागतं. गल्ल्यात चार महिन्यांचा खर्च शिल्लक असला तर तो शहाणपणा समजतात. भारतात संस्थेकडे एवढी शिल्लक दिसली की 'मग आमच्याकडे कशाला मागता?' असं विचारतात. पाच पौंड देणाऱ्या एकाही आजीने मला विचारलेलं नाही की त्यातले किती पेन्स हिशेबाला गेले.

आता तिकडची गोष्ट सांगतो. मी मे महिन्यात गावी गेलो होतो, तेव्हा दोन दिवस तिच्याकडे राहिलो. जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात वर्षभराच्या पावत्या. किराणा दुकानाच्या मशीनमधून निघालेल्या कितीतरी पावत्या उकाड्याने कोऱ्या पांढऱ्या पडलेल्या. ती एकेक पावती उजेडात तिरकी धरायची, दिसेल तो आकडा वाचायची आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायची. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. ३१ मेपर्यंत आयकर खात्याचा १०बीडी नावाचा फॉर्म भरायचा होता, म्हणजे प्रत्येक देणगीदाराचं नाव, पॅन आणि रक्कम. चुकला तर दिवसाला २०० रुपये भुर्दंड. त्याशिवाय ऑडिट, करसवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदण्यांचं नूतनीकरण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट. खरं तर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी वस्त्यांवर फिरून मुलांची नावं घ्यायचे ते दिवस. ते फिरणं राहिलं. शंभरातले शंभर रुपये मुलांपर्यंत पोहोचवायचा आग्रह धरला की असं होतं: पैसे पोहोचतात, ती पोहोचत नाही.

एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी बघणाऱ्या, अधिकाऱ्याने तिला सांगितलं होतं, की कायद्यानेच प्रशासनावर ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. ती बिचारी मान हलवून आली. मी नियम काढून वाचला. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. पण हे अधिकाऱ्याला ऐकवायलासुद्धा तिच्याकडे कुणीतरी जाणता माणूस हवा ना? पाच संस्था मिळून ठेवू पाहताहेत तो हाच माणूस.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, 'तुझ्या इंग्लंडचं इथे सांगू नकोस.'

मग इंग्लंड राहू द्या. माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, बचत गटांचं बघा. गावोगावचे गट एकत्र येऊन लोकसंचालित साधन केंद्र चालवतात. महाराष्ट्रात अशी तीनशेहून अधिक केंद्रं आहेत. हिशेब, लेखापरीक्षण, बँकेची कामं केंद्र बघतं आणि गट त्यासाठी सेवाशुल्क भरतात. ज्या बाया शंभर-शंभर रुपये महिना साठवतात, त्यांना हिशेबाला पैसे लागतात हे कळतं. आणि ज्या कारखान्यांकडे या मुलांचे आईबाप निघतात त्यांचं काय? प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो एकट्या शेतकऱ्याला यंत्र परवडत नाही म्हणूनच. तिथे चिटणीस कशाला, कारकून कशाला, असं कुठल्या सभासदाने विचारलं? आपल्या उसाचं वजन नीट व्हावं म्हणून त्यांनी कारकून नेमला. मुलांचा प्रश्न आला की मात्र आपल्याला सगळं फुकट, रात्री जागून केलेलं हवं असतं.

इंग्लंडमध्येही सगळं आलबेल नाही. काउन्सिलांनी हात आखडते घेतले तसे आधार देणाऱ्या संस्थाच आधी अडचणीत आल्या. पण आमचा क्लब कोविडमधून तगला, तो त्या चार महिन्यांच्या शिलकीवर आणि जोडीला असलेल्या दोन क्लबांवर.

बचत गटांचं आणि कारखान्याचं हे पुढचं मी ग्रुपवर टाकलं नाही, कारण लिहिता लिहिता मला माझे स्वतःचे निरोप आठवले. दहा वर्षं मी तिला पैसे पाठवत होतो. दर वेळी 'दप्तरांसाठी' असं लिहून, आणि वर 'मुलांचे फोटो पाठव' अशी विनंती. ते फोटो मी इथल्या मित्रांना दाखवायचो. लीड्समध्ये मी राखीव निधीवर तावातावाने बोलायचो आणि बीडला मात्र दप्तरंच घ्या म्हणायचो. तिच्या घरचं वीजबिल, लॅपटॉप, तिचा जीपचा प्रवास कोण भरतं, हे एकदाही विचारलं नाही. पंधरावा अंगठा माझाच होता.

२०१९ मध्ये मी इथला पासपोर्ट घेतला. मुलांच्या शिक्षणासाठी, घरासाठी, कारणं होतीच. त्या वर्षी पैसे पाठवायच्या आधी तिला फोन केला, तेव्हा ती जरा थांबून म्हणाली, 'आता तुझे पैसे नाही घेता येणार रे. आमच्याकडे एफसीआरए नाही.' म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी नाही. भारतीय पासपोर्टवर असेपर्यंत मी परदेशातून पाठवलेले पैसेही देशातलेच धरले जात. आता परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड खिशात असलं तरी माझा रुपया परदेशी. दुसऱ्या एखाद्या नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेकडून तिच्यापर्यंत पोहोचवावा, तर २०२० च्या दुरुस्तीने तीही वाट बंद केली. त्या दिवशी फोनवर मी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि गाडीत बराच वेळ बसून राहिलो. गाव सोडताना जे झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं.

म्हणून या वादात माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे. मला द्यायला पैसे नाहीत, निदान तिला घेता येतील असे नाहीत. त्या चौदा जणांकडे आहेत.

गेले तीन रविवार सकाळी मी तिला व्हिडिओ कॉल करतो. ती डब्यातली एकेक पावती कॅमेऱ्यापुढे धरते, मी इथे तक्त्यात भरतो. परवा एका पावतीवर नुसता पांढरा कागद होता. तिने तो उलटा केला, मागे पेन्सिलीने लिहिलेलं वाचलं: तूरडाळ, दहा किलो. मी भरलं. ती म्हणाली, 'पुढची घे.'